काशाची सोळा पदकं

नदीच्या अलीकडे एक रान होतं आणि त्या रानात, कुठल्याही रानात असतो तसा, एक राजा होता. हा राजा गवा होता. अंगाने मोठा, डोळ्यांनी भाबडा, आणि उभा राहिला की त्याच्या मागचं काही दिसू नये इतका रुंद. राजा म्हणून एवढे गुण पुरतात. तो दर पाच पावसाळ्यांनी निवडून येई. निवडणुकीत प्राण्यांना दोनच प्रश्न विचारले जात: महाराज हवेत की नकोत, आणि नको असतील, तर तुमचं बीळ कुठे आहे.

महाराजांची प्रधान घोरपड होती. ती एकदा कुठे चिकटली की निघत नसे, आणि प्रधानपदाला याहून वेगळी पात्रता लागत नाही. दवंडीचं काम टिटवीकडे होतं. टिटवी झोपताना पाय वर करते, कारण आपण पाय खाली घेतले तर आभाळ पडेल अशी तिची समजूत आहे. प्रसिद्धीखात्यात अशा समजुतीचा उपयोग होतो.

पण ही गोष्ट त्या तिघांची नाही. ही साळबाची आहे. साळबा म्हणजे एक साळिंदर. रानाच्या टोकाला जांभ्या दगडाच्या कपारीत त्याची भट्टी होती आणि तो ओतारी होता. घंटा, घुंगरं, झाकणं, जे सांगाल ते ओतून देई. रागावला की त्याचे काटे उभे राहत, आणि भट्टीजवळ जागा कमी होती, म्हणून तो सहसा रागावत नसे.

बारा पावसाळ्यांपूर्वी नदीपलीकडच्या कोळसुंद्यांनी या रानावर चाल केली होती. कोळसुंदे म्हणजे तांबड्या अंगाचे रानकुत्रे. एकेकटे आले तर त्यांना कुणी विचारत नाही, पण ते एकेकटे येत नाहीत. नदी एकाच जागी पायी ओलांडता येते, त्या जागेला पायउतार म्हणतात. तिथे ते एक भली थोरली काशाची थाळी बडवत आले. तिचा आवाज दोन डोंगर ओलांडून जाई. पायउतारावर त्या पहाटे सोळा प्राणी होते. एक अस्वल, एक म्हातारी सांबरीण, काही रानडुकरं, दोन भेकरं, अशीच पाणी प्यायला आलेली मंडळी. ती पाण्यात आडवी उभी राहिली आणि दुपारपर्यंत हलली नाहीत. दुपारी कोळसुंदे थाळी तिथेच टाकून परत गेले. सोळांपैकी घरी कुणीच परतलं नाही.

महाराज त्या वेळी तिथे नव्हते. थाळीचा पहिला टोला ऐकताच त्यांच्या पोटात कळ आली होती आणि ते दोन कोसांवरच्या लोळणीत, म्हणजे गवे लोळतात त्या चिखलात, पोटापर्यंत उतरून उभे होते. संध्याकाळी बाहेर आल्यावर त्यांनी सोळांची नावं ऐकली आणि ते खरोखर रडले. रडता रडता म्हणाले, "त्या थाळीची सोळा पदकं करा. घरच्यांना द्या. पदक ज्याच्या गळ्यात, तो पाणवठ्यावर पहिला. आम्हीसुद्धा थांबू." राजे असं काही बोलून गेले तर दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करता येतं. पण टिटवीने ते त्याच संध्याकाळी रानभर ओरडून टाकलं होतं.

पदकांचं काम साळबाकडे आलं. कासं हा हट्टी धातू आहे. तांब्यात कथील मिसळून तो होतो, पण तांब्यासारखा वाकत नाही. त्याच्यावर ठसा मारायला जावं तर तडकतो. साळबाची पहिली दोन पदकं अशीच फुटली. तेव्हा त्याने ठसा बाजूला ठेवला, मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण आणलं आणि आधी मेणाचीच पदकं केली. स्वतःच्या पाठीतला एक काटा उपटून त्याने मेणावर नदीच्या तीन लाटा कोरल्या आणि त्या लाटांत रुतलेलं एक पाऊल. ज्याचं पदक त्याचं पाऊल. खूर तर खूर, नखं तर नखं. त्यावर वारुळाची माती लिंपली, सावलीत वाळवली, मग भाजली. आतलं मेण वाहून गेलं आणि उरलेल्या पोकळीत त्याने वितळलेलं कासं ओतलं. माती फोडून पदक काढायचं, कानशीने घासायचं, आणि सगळ्यात शेवटी कड. पदकाच्या कडेवर बारीक टाकीने दोन गोष्टी कोरायच्या: नाव, आणि तो त्या दिवशी कुठे उभा होता ती जागा. सोळाही पदकांच्या कडेवर जागा एकच होती. पायउतार.

पदकावर राजाचा चेहरा नव्हता. कुणी मागितला नाही आणि साळबाला सुचलाही नाही.

फीत सुगरणीने विणली. सुगरण पक्ष्यांत विणकाम नर करतो, पण नाव बाईचं पडलं आहे. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. दरबारी पत्रात 'श्रीमती' आलं की तो फक्त खोडून परत पाठवत असे. त्याने फीत निळी विणली आणि मधून एक तांबडा धागा सोडला, कारण त्या दुपारी नदी तशी दिसत होती.

त्यातलं एक पदक सोनकीकाकूंकडे आलं. सोनकीकाकू म्हणजे भेकरीण, भुंकणाऱ्या लहान हरणांतली. त्यांचा नवरा भुऱ्या पायउतारावर गेला होता. काकू रोज संध्याकाळी ते पदक गळ्यात घालून पाणवठ्यावर येत आणि सगळे बाजूला होत. महाराजही होत. भेकर मुळात घाबरतं जनावर. दोन घोट प्यायचं, मान वर करायची, कानोसा घ्यायचा, पुन्हा दोन घोट. महाराज मागे उभे. असं बारा वर्षं चाललं. हिवाळ्यात त्याचं काही वाटत नसे, पण उन्हाळ्यात वाटे.

एका उन्हाळ्यात महाराजांनी प्रधानाला विचारलं, "ती रोज एवढा वेळ काय पिते?"

"पाणी, महाराज."

महाराजांनी थोडा विचार केला. "आम्हालाही एक पदक हवं," ते म्हणाले.

घोरपड भट्टीवर आली. साळबा घुंगरं घासत होता.

"महाराजांसाठी पदक. थाळीतलं कासं उरलंय ना?"

"एक गाडगंभर आहे," साळबा म्हणाला. "पदक कशाबद्दल?"

"दुरून धीर दिल्याबद्दल."

"आणि कडेवर जागा कोणती कोरू?"

घोरपडीने गाडग्यात डोकावून पाहिलं. "कड कोरी ठेव. सुबक दिसते."

साळबाने पदक ओतलं. राजाची आज्ञा होती, धातूही शिल्लक होता, आणि नाही कसं म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण कानशीने ती कोरी कड गुळगुळीत करताना त्याला आपण कुणाचं तरी नाव पुसतो आहोत असं वाटत राहिलं. त्या दिवशी त्याने मुळं तशीच टाकून दिली, खाल्ली नाहीत.

महाराजांना पदक मिळाल्यावर प्रधानाला मिळालं, कारण धीर देणाऱ्या महाराजांना धीर घोरपडीने दिला होता. मग टिटवीला मिळालं, लढाईच्या काळात आभाळ न पडू दिल्याबद्दल. मग महाराजांच्या सासुरवाडीला मिळालं. तिकडून त्या दिवशी कुणी आलंच नव्हतं, म्हणून त्यांना 'गर्दी न केल्याबद्दल' मिळालं. इथवर ठीक होतं. पण पावसाळ्यानंतर निवडणूक होती, आणि घोरपडीच्या ध्यानात आलं की प्राणी भाषणं विसरतात, गवतही खाऊन विसरतात, पण गळ्यात बांधलेलं विसरत नाहीत.

टिटवीने दवंडी दिली. "बंधूंनो आणि भगिनींनो, आजवर शौर्य सोळा घरांत कोंडून ठेवलं होतं. महाराजांनी ते मोकळं केलं आहे. शौर्य आता तुमच्या दारी येईल. तुम्ही घरीच थांबा."

रानात चार हजार प्राणी होते. साळबाने गाडगं उलटं करून घोरपडीला दाखवलं.

"मग शिसं घाल," घोरपड म्हणाली.

साळबाने शिशाची शंभर पदकं केली आणि ती माकडांच्या टोळ्यांना वाटली. पण खऱ्या काशाच्या पदकाला टिचकी मारली की ते लांबवर वाजतं, हे रानात सगळ्यांना ठाऊक होतं. माकडांनी पदकं हातात येताच पहिली टिचकी मारली. आवाज आला तो ओल्या लाकडावर खडा पडल्यासारखा. माकडांनी ती पदकं खाली फेकली. दोन सशांना लागली आणि निवडणुकीच्या तोंडावर ससे नाराज झाले.

तेव्हा दरबाराने फर्मान काढलं. सोळा घरांनी आपापलं पदक परत द्यावं. ती सोळाही वितळवून प्रत्येक नव्या पदकात चिमूटभर अस्सल कासं घालण्यात येईल. कुणी कमी नाही, कुणी जास्त नाही. जे परत करतील त्यांना मिठाच्या खडकाजवळची जागा मिळेल. जे करणार नाहीत त्यांना आपण सगळ्यांपेक्षा वेगळे का, एवढंच विचारण्यात येईल.

पंधरा घरांनी पदकं दिली. अस्वलिणीने मिठासाठी दिलं. सांबरिणीच्या मुलांनी मुकाट्याने आणून ठेवलं. त्यांना विचारणाऱ्यांची भीती वाटली. रानडुकरांच्या घरात बारा वर्षांत पिल्लं इतकी झाली होती की पदक कुणाचं यावरून भांडण होतं, ते एकदाचं मिटलं.

सोनकीकाकूंनी दिलं नाही. म्हणून घोरपडीने साळबालाच पाठवलं. त्याचं काकू ऐकतील, असं तिला वाटलं.

काकू करवंदीच्या जाळीत बसल्या होत्या. साळबा जाळीबाहेर थांबला, कारण आत गेला असता तर त्याच्या काट्यांत आणि करवंदीच्या काट्यांत निवड करावी लागली असती.

"न्यायला आलास ना?" काकूंनी विचारलं.

"पाठवलंय."

"पाठवलंय वेगळं आणि आलास वेगळं. तू कशासाठी आलास?"

काकूंनी पदक मानेवरून काढून त्याच्यापुढे ठेवलं. बारा वर्षांत लाटा झिजल्या होत्या, पाऊल पुसट झालं होतं. कडेवरची अक्षरं मात्र तशीच होती: भुऱ्या. पायउतार.

"मला वाचता येत नाही," काकू म्हणाल्या. "पण रोज जीभ फिरवून बघते. पहिलं अक्षर गोल आहे. शेवटचं खडबडीत आहे. तिथे तुझी टाकी घसरली होती का?"

"घसरली होती," साळबा म्हणाला. "भुऱ्यानं मला एकदा वणव्यातून बाहेर काढलं होतं."

काकूंनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं. "ह्या नव्या पदकांच्या कडेवर काय कोरतोस?"

"काहीच नाही. कोऱ्या ठेवतो. तशी आज्ञा आहे."

"म्हणजे भुऱ्या पायउतारावर होता हे माझ्या पदकावर आहे, आणि बाकीचे चार हजार कुठेच नव्हते." काकू हे चिडून बोलल्या नाहीत. "असं नको करूस साळबा. तेही कुठेतरी होतेच की. प्रत्येकजण कुठेतरी असतोच. विचार त्यांना आणि कोर. मग हवं तर माझंही ने."

साळबाने कडेवरची अक्षरं एकदा चाचपून पाहिली. मग त्याने ते काट्याच्या टोकाने काकूंकडे सरकवलं आणि रिकामा परत गेला. घोरपडीला त्याने सांगितलं, "त्या पदकात हवेचा बुडबुडा राहिलाय. त्यात घातलं तर सगळा रस नासेल." ओतारीकामात असं होतं का, हे घोरपडीला माहीत नव्हतं. साळबाच्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं होतं आणि ते इतकं सहज निघालं याचं त्यालाच नवल वाटलं.

मग त्याने पंधरा पदकं मुशीत घातली. ती वितळताना तो बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचे दोन महिने रानातले प्राणी एकेक करून भट्टीवर नाव सांगायला येत. साळबा नाव लिहून घेई आणि सहज विचारी, "थाळी वाजली त्या दिवशी कुठे होतात?" कुणालाही त्यात लाजण्यासारखं वाटलं नाही. "बिळात. कुठे असणार?" "उंबरावर." "उंबराखाली, वरचे खाली टाकत होते ते खात." "आईच्या पोटात." एक कासव म्हणालं, "निघालो होतो," आणि ते खरं असावं. साळबाने जे ऐकलं ते कोरलं. आधीची कोरी पदकंही सगळ्यांसारखी करण्यासाठी परत आली होती. त्यांच्याही कडा त्याने भरल्या. महाराजांना विचारायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी पोटापर्यंत चिखल सगळ्या रानाने पाहिला होता. त्याने कोरलं: गवा महाराज. लोळणीच्या चिखलात. प्रधानाच्या पदकावर कोरलं: घोरपड. महाराजांच्या पाठीवर. टिटवीचं सगळ्यात छान जमलं: उताणी.

पदकवाटपाचा सोहळा मोठा झाला. टिटवी बोलली, घोरपड बोलली, महाराज उभे राहिले. निवडणूक झाली, महाराज हवे ठरले. चार हजार गळ्यांत चार हजार पदकं आली, आणि दुसऱ्या दिवशी चार हजार प्राणी पाणवठ्यावर पहिले गेले. त्या झुंबडीत पाण्याचा चिखल झाला. काकू रात्र पडेपर्यंत बाजूला थांबल्या आणि न पिताच परत गेल्या. पुढे असंच होत राहिलं, तेव्हा त्या पाणवठ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन पिऊ लागल्या.

कडा वाचायला रानाला आठवडा लागला. सुरुवात माकडांनी केली. माकडं एकमेकांच्या केसांतल्या उवा बघतातच, त्यात एकाने शेजाऱ्याचं पदक उलटंपालटं केलं. मग जो तो दुसऱ्याची कड वाचू लागला. बिळातले झाडावरच्यांना हसले, झाडावरचे बिळातल्यांना. आणि मग कुणीतरी, वारा घालायच्या निमित्ताने, महाराजांची कड वाचली. त्या दिवशी रानात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळीकडून पानं सळसळल्यासारखा आवाज येत होता. ते हसू होतं.

टिटवी धावत प्रधानाकडे गेली. "साळबाला धरून आणायचं का?"

घोरपडीने आपलं पदक फिरवून कड दोनदा वाचली. मग ती शांतपणे म्हणाली, "कशाला? त्यानं प्रामाणिकपणे कोरलंय. राजा जिथे असतो, तिथे लढाई असते. महाराज चिखलात होते. म्हणजे लढाई चिखलात झाली."

महिन्याभरात चिखलाच्या लढाईचा धडा पिल्लांच्या पाठांतरात आला. लोळणीभोवती कुंपण घातलं गेलं आणि तिला रणभूमी म्हणायचं ठरलं. ज्यांच्या पदकावर बीळ होतं ते भूमिगत सैन्य झाले, झाडावरचे टेहळणी पथक, आणि कासव आघाडीवर निघालेली तुकडी. हसणारे हळूहळू हसायचे थांबले. आपण त्या दिवशी लढत होतो हे कळल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? एक ससा तर आपली जुनी जखम दाखवू लागला. ती शिशाचं पदक डोक्यात पडल्याची होती.

रानात एकच पदक असं उरलं, ज्याच्या कडेवर पायउतार होता. सोनकीकाकूंना नोटीस आली. सुगरणीने ती वाचून दाखवली: "आपले दिवंगत पती भुऱ्या भेकर हे लढाईच्या दिवशी रणभूमीवर गैरहजर असून विनापरवाना पायउतारावर आढळून आले आहेत. तरी त्याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा."

"आढळून आले म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"तुमच्याच पदकावर आढळले," सुगरण म्हणाला.

चौकशीच्या दिवशी सगळं रान जमलं. महाराज मधोमध एका शिळेवर बसले होते. चौकशी समिती म्हणून घोरपड प्रश्न विचारत होती आणि टिटवी लिहून घेत होती. काकू पुढे उभ्या राहिल्या. त्यांचे पाय थरथरत होते, पण भेकराचे पाय नेहमीच थरथरतात, त्यावरून काही ठरवता येत नाही.

"तुमचे यजमान त्या दिवशी कुठे होते?"

"पायउतारावर."

"लढाई कुठे झाली?"

"पायउतारावर."

"इथे चार हजार पदकं आहेत," घोरपड म्हणाली. "एकाच्याही कडेवर पायउतार नाही. तुमची एक कड खरी मानायची की चार हजार?"

"मग ते गेले कशाने?"

"समितीलाही तोच प्रश्न आहे. पाण्यात उभे होते म्हणता. बुडाले असतील."

"पाणी गुडघाभर होतं," काकू म्हणाल्या. "आणि त्यांच्या गळ्यावर दात होते. मी स्वतः चाटून पुसलं."

टिटवीने हळूच विचारलं, "दात लिहू का?"

"नको," घोरपड म्हणाली, आणि तिने साळबाला पुढे बोलावलं. "ही अक्षरं तुझी?"

"माझी."

"यात काही खोटं आहे?"

"नाही."

"म्हणजे महाराज चिखलात होते हे खरं."

"ते खरं. पण लढाई पायउतारावर झाली."

"तू होतास तिथे?"

"मी भट्टीवर होतो."

"मग बस खाली." घोरपड सभेकडे वळली. "आणि आणखी एक गोष्ट नोंदवून घ्या. सकाळपासून इथे महाराजांच्या समोर पायउतार, पायउतार असं चाललं आहे. हा शब्द राजासमोर उच्चारणं शोभत नाही."

महाराजांनी तोवर त्या शब्दाकडे लक्ष दिलं नव्हतं. आता दिलं, आणि ते अस्वस्थ झाले.

साळबा बसला नाही. त्याचे काटे उभे राहिले होते आणि शेजारची दोन कारकून मुंगसं घाईने लांब सरकली. तेव्हा काकूंनीच मानेवरून पदक काढलं. सभेत ते दाखवून उपयोग नव्हता, ते त्यांना कळलं होतं. त्यांनी ते दगडावर कडेवर उभं केलं आणि खुराने एक ठोका दिला.

रानाने तो आवाज बारा वर्षांत एवढ्या शांततेत ऐकला नव्हता. नुसतं कासं, त्यात शिसं नाही, काही नाही. आवाज निघाला, झाडांत गेला, समोरच्या कड्यावर आपटून परत आला आणि थांबेचना. म्हाताऱ्या प्राण्यांचे कान ताठ झाले. त्यांना तो ओळखीचा होता. तो कोळसुंद्यांच्या थाळीचा आवाज होता.

महाराजांच्या पोटात कळ आली. ते उठले. घोरपड काही म्हणेपर्यंत ते शिळेवरून उतरले, दोन झुडपं आडवी केली, आणि सगळ्या सभेसमोर सरळ लोळणीच्या दिशेने पळत सुटले. प्राणी उभे राहून बघू लागले. एवढा मोठा राजा पळताना लपत नाही.

चार हजार प्राणी एकाच वेळी एकच गोष्ट समजले, आणि क्षणभर त्या रानात काहीही होऊ शकलं असतं.

"महाराज रणभूमीकडे निघाले आहेत," घोरपड म्हणाली. "बघत काय उभे राहता? पदकं काय शोभेला घातलीत?"

टिटवीने घोषणा दिली. आधी ससे धावले. मग माकडं, रानडुकरं, मुंगसं. सगळे महाराजांच्या मागे जाऊन चिखलात उतरले आणि तिथून जयजयकार ऐकू येऊ लागला. कासवही निघालं.

सभेच्या जागी साळबा, सुगरण आणि काकू राहिले.

"बुडबुडा आहे म्हणाला होतास ना आत?" काकूंनी विचारलं.

"ते खोटं होतं, काकू."

"ठाऊक आहे. बुडबुडा असता तर असं वाजलं नसतं." त्यांनी पदक मानेत घालायला मान वाकवली. ठोक्याने फीत तुटली होती. सुगरणीने चोचीने तिथल्या तिथे दोन गाठी मारून दिल्या आणि उरलेला तांबडा धागा आत वळवला. साळबा काकूंना करवंदीच्या जाळीपर्यंत सोडायला गेला. वाटेत दोघांनी भुऱ्याबद्दल बोलणं काढलं, तो झोपेत कसा भुंकायचा वगैरे, आणि काकू एकदा हसल्यासुद्धा.

समितीचा अहवाल दिवाळीच्या सुमारास आला. सोळा प्राणी शूर होते, पण चुकीच्या जागी शूर होते, असा निष्कर्ष निघाला. महाराजांनी उदार मनाने त्यांना माफ केलं आणि घरोघर क्षमापत्रं गेली. सोनकीकाकूंनी आपलं क्षमापत्र परत पाठवलं. सुगरणीकडून त्यांनी त्यावर एवढंच लिहवून घेतलं होतं: हे कुठे उभं राहून लिहिलं ते कळवावं. उत्तर आलं नाही.

साळबाला नव्या पदकांचं काम सांगितलं, तेव्हा तो "नाही" म्हणाला. हा शब्द त्याला आता येत होता. दरबाराने नदीकाठचा एक शिसं ओतणारा गाठला. त्याची पदकं वाजत नाहीत, त्यामुळे चौकश्या शांततेत पार पडतात.

अहवालातली एकच शिफारस मात्र ताबडतोब अमलात आली. 'पायउतार' हा शब्द रानाच्या सगळ्या कागदांतून खोडण्यात आला. कारकून मुंगसांनी काम नेटाने केलं. नकाशातून खोडला, शेतसाऱ्याच्या चोपड्यांतून खोडला, अंगाईगीतांतूनही खोडला. शेवटी ते रानाच्या मूळ कायद्यापाशी आले. तिथे लिहिलं होतं, 'दर पाच पावसाळ्यांनी राजाने पायउतार व्हावं आणि पुन्हा कौल घ्यावा.' त्यांनी नियमाप्रमाणे तो शब्द खोडला, आणि शाई सांडल्यामुळे पुढचंही थोडं गेलं.

आता ते कलम असं वाचलं जातं: 'दर पाच पावसाळ्यांनी राजाने व्हावं.' महाराज तेव्हापासून नियमितपणे होत आहेत.